कार्ड ओव्हरक्लॉक केलं, आता वॉरंटी गेली का?

*नमस्कार ताई, चार महिन्यांपूर्वी नवीन ग्राफिक्स कार्ड घेतलं. निम्मे पैसे माझे साठवलेले, निम्मे मोठ्या भावाने दिले. तीन वर्षांची वॉरंटी आहे. एका व्हिडिओत बघून आफ्टरबर्नर या कार्डचा वेग वाढवायच्या सॉफ्टवेअरमध्ये कोअर, म्हणजे मुख्य चिप, प्लस २०० आणि मेमरी प्लस १२०० मेगाहर्ट्झ केली, पॉवर लिमिटचा स्लायडर पूर्ण उजवीकडे नेला. दोन आठवडे मस्त चाललं. आता गेम मधेच बंद पडतो, कधी स्क्रीन काळी होऊन परत येते, आणि परवापासून अंधाऱ्या सीनमध्ये चमचमणारे ठिपके दिसतायत. एक मित्र म्हणतो दुसऱ्या मॉडेलचा बायोस (कार्डमध्येच साठवलेला मूळ प्रोग्राम) फ्लॅश कर, म्हणजे जुन्याच्या जागी टाक, व्होल्टेज मोकळं होतं. दुसरा म्हणतो सगळं रिसेट करून वॉरंटीत देऊन टाक, काही बोलू नकोस, त्यांना कळत नाही. खरंच कळत नाही का? वॉरंटी गेली का? भावाला अजून सांगितलेलं नाही. – ठिपक्यांनी हैराण*

हे बघ हैराण, पुढचं वाचायच्या आधी आफ्टरबर्नर उघड, रिसेटचं बटण दाब, आणि विंडोज सुरू होताना ओव्हरक्लॉक, म्हणजे वाढवलेला वेग, आपोआप लागू व्हावं म्हणून जे छोटं बटण तू नक्की चालू करून ठेवलं असणार ते बंद कर. मग पीसी रिस्टार्ट कर आणि ये परत.

त्या छोट्या बटणाचं आधी सांगितलं कारण माझी स्वतःची फजिती तिथेच झालेली आहे. माझ्या जुन्या कार्डची मेमरी मी अशीच हौसेने वाढवून ठेवली आणि विसरून गेले, पार विसरून गेले म्हणजे आठवणीतूनच गेलं, आणि काही महिन्यांनी गेम क्रॅश व्हायला लागला तेव्हा मी गेमला शिव्या दिल्या, मग ड्रायव्हरला दिल्या, मग तीन आठवड्यांत दोनदा विंडोज नव्याने टाकलं, आणि दोन्ही वेळा आफ्टरबर्नर इन्स्टॉल करून जुनं प्रोफाइलही इमानदारीत परत लावलं. त्या काळात एक व्हिडिओ एक्सपोर्ट केलेला, त्यात मधेच हिरव्या चौकोनांची फ्रेम आली होती, ती मी कॅमेऱ्याची चूक समजून कापून टाकली. दोष सगळा माझा होता, कार्ड बिचारं सांगून थकलं होतं.

तर आता तुझी लक्षणं. काळी होऊन परत येणारी स्क्रीन म्हणजे बहुतेक वेळा विंडोजने ड्रायव्हरला दिलेली टपली असते. ग्राफिक्स चिपने साधारण दोन सेकंद उत्तर दिलं नाही तर विंडोज समजतं की ही अडकली, आणि ड्रायव्हर रिसेट करून पुढे जातं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये जाऊन बघ, सिस्टिम लॉगमध्ये ४१०१ नंबरची नोंद सापडली तर हेच झालंय. चिपला जेवढ्या व्होल्टेजवर जेवढा वेग झेपतो त्याच्या वर तू तिला पळवतोयस, हे त्याचं सगळ्यात साधं कारण, आणि यात मोडलेलं काहीच नसतं, वेग खाली आणला की ती शहाण्यासारखी वागते.

ठिपके जरा वेगळे. चमचमणारे ठिपके, चौकोनी जाळी, रंगांचे चट्टे ही बरेचदा मेमरीची बोंब असते, आणि भलतीकडे ताणलेले त्रिकोण, लुकलुकणाऱ्या आकृत्या दिसल्या तर संशय कोअरवर जास्त. हा नियम दगडावरची रेघ नाही, पण सुरुवात करायला पुरे. तुझं प्लस १२०० बघून मला मेमरीच दिसते. मेमरीची अजून एक लबाडी सांगते जी त्या व्हिडिओवाल्याने सांगितली नसणार. जीडीडीआर६एक्ससारख्या नव्या मेमरीत चुका पकडायची सोय असते, म्हणजे डेटा पाठवताना गडबड झाली की तोच डेटा परत पाठवला जातो. त्यामुळे मेमरी जास्त ताणली तरी लगेच क्रॅश होत नाही, उलट सगळं ठीक वाटतं, आणि एफपीएस, म्हणजे दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, मात्र हळूच कमी होतात कारण वेळ तेच तेच परत पाठवण्यात जातोय. लोक आकडा वाढवत राहतात आणि खुश होतात. म्हणून दर पायरीला बेंचमार्कचा, म्हणजे वेग मोजणाऱ्या चाचणीचा, स्कोअर बघायचा असतो, स्लायडरवरचा आकडा नाही.

आणि व्हिडिओतला आकडा जसाच्या तसा उचलणं हीच मुळात चूक. एकाच मॉडेलच्या दोन कार्डांतल्या चिप सारख्या नसतात, एकीला प्लस २०० सहज जातं आणि दुसरी प्लस ८० ला धापा टाकते, याला सगळे सिलिकॉन लॉटरी म्हणतात ते उगाच नाही. त्याच्या कार्डचा आकडा त्याच्या कार्डचा, तू त्याचा चष्मा लावून वाचायला बसलास.

आता जोखमीचं बोलू, कारण इथे लोक दोन टोकांना असतात, एकाला वाटतं ओव्हरक्लॉक केलं की कार्ड जळतंच, दुसऱ्याला वाटतं काहीच होत नाही. खरी गोष्ट अशी आहे की फक्त वेगाचा स्लायडर कार्ड मारत नाही. मारतं ते व्होल्टेज आणि उष्णता, आणि तेही बहुतेक वेळा हळूहळू. चिप जी वीज खाते ती वेगाच्या प्रमाणात वाढते पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग ५ टक्के वाढवला आणि त्यासाठी व्होल्टेज १० टक्के वाढवावं लागलं, तर १.०५ गुणिले १.१ गुणिले १.१, झाले १.२७. वेग ५ टक्के आणि विजेचा भार जवळजवळ २७ टक्के. मिळालं काय? ८० एफपीएस होते ते फार तर ८४ झाले. हे ८४ डोळ्यांनी ओळखून दाखव, मी मानेन.

जास्त व्होल्टेज आणि जास्त तापमान दोन्ही मिळून चिपच्या आतल्या अतिसूक्ष्म तारांची झीज करतात, प्रवाहाच्या रेट्याने धातूचे अणूच जागेवरून सरकायला लागतात, इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात त्याला. हे एका रात्रीत होत नाही, वर्षं लागतात, आणि बहुतेक लोक त्याच्या आधीच कार्ड बदलतात. पण आज जो वेग स्थिर आहे तो दोन वर्षांनी त्याच व्होल्टेजवर स्थिर राहीलच असं नाही, हे त्यातून निघतं.

तुझ्या बाबतीत दिलासा असा की तू व्होल्टेजला हात लावलेला दिसत नाही, आणि पॉवर लिमिटचा स्लायडर कितीही उजवीकडे ढकलला तरी कार्डच्या बायोसमध्ये लिहिलेल्या मर्यादेच्या पुढे तो जात नाही, म्हणजे तो कुंपणाच्या आतच असतो. म्हणून माझा अंदाज की तुझं कार्ड धडधाकट आहे, फक्त रागावलंय. तरी एक तपासच. फॅन सहसा कोअरच्या तापमानावर चालतात, मेमरीच्या नाही, त्यामुळे कोअर ६५ डिग्रीवर निवांत दिसत असताना मेमरी आत उकळत असू शकते. जीडीडीआर६एक्स साधारण ११० डिग्रीला स्वतःच वेग कमी करते. एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर टाक, तुझ्या कार्डला सेन्सर असेल तर मेमरीचं आणि हॉटस्पॉटचं, म्हणजे चिपवरच्या सगळ्यात गरम जागेचं, तापमान वेगळं दिसेल, फक्त पहिला आकडा बघून निर्धास्त होऊ नकोस.

वायरीही बघ. स्लॉटमधून ७५ वॉट, एका आठ पिनच्या कनेक्टरमधून १५० वॉट, हा हिशोब असतो. कार्डला दोन कनेक्टर असतील आणि तू एकाच केबलची दोन तोंडं लावली असशील तर पॉवर लिमिट वाढवल्यावर तो सगळा भार त्या एका केबलवर येतो, त्यापेक्षा दोन वेगळ्या केबल लाव. नवीन सोळा पिनचा कनेक्टर असेल तर तो टोकापर्यंत आत बसलाय का ते टॉर्च घेऊन बघ. २०२२ मध्ये एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० कार्डांचे कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी आल्या तेव्हा नीट न बसलेला प्लग हे त्यातलं एक मोठं कारण निघालं होतं, आणि ते लोक ओव्हरक्लॉकवालेच होते असंही नाही.

चल, वॉरंटी. तू विचारतोस गेली का, आणि इथे दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी होते. वॉरंटी रद्द होणं वेगळं आणि एखादं नुकसान वॉरंटीत न बसणं वेगळं. २०२३ मध्ये एएमडीच्या थ्रेडरिपर ७००० प्रोसेसरबद्दल बराच गोंधळ झाला होता, त्यात एक बारीक फ्यूज असतो जो ओव्हरक्लॉकिंग चालू केलं की कायमचा उडतो, म्हणजे केलं होतं याचा पुरावा राहतो. लोक म्हणाले संपलं, वॉरंटी गेली. तेव्हा कंपनीने खुलासा केला की फ्यूज उडाल्याने वॉरंटी जात नाही, ओव्हरक्लॉकिंगमुळे जे नुकसान होईल तेवढं त्यात बसत नाही. आता गंमत बघ, त्याच एएमडीच्या नेहमीच्या सूचनेत मात्र असं छापलेलं सापडतं की ओव्हरक्लॉकिंगमुळे वॉरंटी रद्द होते, आमच्याच सॉफ्टवेअरने केलं तरी. एकाच घरातली दोन माणसं दोन गोष्टी सांगतायत. म्हणून ऐकीव माहिती सोड आणि तुझ्या कार्डच्या डब्यातला किंवा कंपनीच्या साइटवरचा वॉरंटीचा मजकूर स्वतः वाच, कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा, चिप बनवणाऱ्या कंपनीचा नाही, कारण तुझा व्यवहार कार्डवाल्यांशी आहे. चिप एनव्हिडियाची असली तरी डब्यावर ज्याचं नाव तो जबाबदार.

वाचताना तीन ठिकाणी बोट ठेव. एक, फक्त बदल केला म्हणून हक्क जातो असं लिहिलंय की बदलामुळे झालेलं नुकसान वगळलंय. दोन, कूलर काढण्याबद्दल काय म्हटलंय. तीन, वॉरंटी सिरीयल नंबरवर आहे की बिलावरच्या माणसावर, कारण तुझ्या केसमध्ये बिल कदाचित भावाच्या नावावर असेल. कारखान्यातूनच ओसी म्हणून येणाऱ्या कार्डांचा वेग मात्र कंपनीनेच ठरवलेला असतो, तो वॉरंटीतलाच, त्याच्यावर तू जे चढवतोस ते तुझं.

मला स्वतःला या सगळ्यात दुटप्पीपणा दिसतो, लपवत नाही. जवळपास प्रत्येक कार्ड कंपनी ओव्हरक्लॉकिंगचं स्वतःचं सॉफ्टवेअर देते, आसूसचं जीपीयू ट्वीक, झोटॅकचं फायरस्टॉर्म, सफायरचं ट्रिक्स, आणि तू जे वापरलंस ते आफ्टरबर्नर तर एमएसआयच्याच नावाचं आहे. डब्यावर ओव्हरक्लॉकिंगची जाहिरात करायची, हातात स्लायडर द्यायचा आणि बारीक अक्षरात हात वर करायचे. ईव्हीजीए ही कार्ड कंपनी या बाबतीत मोकळ्या मनाची होती, कूलर काढून परत नीट लावला तरी चालायचं त्यांना, पण त्यांनी २०२२ मध्ये ग्राफिक्स कार्डांचा धंदाच बंद केला. अमेरिकेत तर "स्टिकर फाटलं तर वॉरंटी रद्द" असल्या धमक्यांवरून तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१८ मध्ये आणि परत २०२४ मध्ये कंपन्यांना पत्रं पाठवली, दुसऱ्या खेपेला त्यात ग्राफिक्स कार्डवालेही होते. पण तो तिथला कायदा, तू राहतोस तिथल्या ग्राहक कायद्यात काय आहे ते वेगळं बघावं लागेल.

आता तुझा खरा प्रश्न, त्यांना कळतं का. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालंय तुझं. सरळ सांगते: आफ्टरबर्नरमधून वेग वाढवणं कार्डमध्ये कुठे साठत नाही, ते सॉफ्टवेअर दर वेळी नव्याने लागू करतं, दुसऱ्या पीसीत कार्ड लावलं की ते मूळ वेगावरच चालतं. म्हणजे नुसत्या स्लायडरची खूण सहसा कार्डवर नसते. पण बदललेला बायोस दिसतो, करपलेला बोर्ड दिसतो, पॉवरची मर्यादा चुकवायला झाळलेले शंट रेझिस्टर दिसतात, सांडलेला लिक्विड मेटल दिसतो, चुकीच्या जाडीचे थर्मल पॅड दिसतात. टेबलावर रोज कार्डं उघडणाऱ्या माणसाला हे ओळखायला भिंग लागत नाही.

म्हणून "बोलू नकोस" वाला सल्ला मला आवडला नाही. त्यांनी पकडावं म्हणून नाही, तर त्याची गरजच नाही म्हणून. स्टॉकवर, म्हणजे सगळं मूळ सेटिंगवर आणल्यावर ठिपके गेले तर कार्डमध्ये दोष नाही आणि वॉरंटीत द्यायचं काही उरतच नाही. स्टॉकवरही ठिपके राहिले तर ती खरी तक्रार आहे आणि ती तू खऱ्या शब्दांत मांडू शकतोस: सॉफ्टवेअरमधून वेग वाढवून बघितला होता, मूळ सेटिंगवर आणला, तरी त्रास आहे, हे फोटो. फॉर्ममध्ये न विचारलेल्या गोष्टींवर निबंध लिहायची सक्ती नाही, पण विचारलं तर खोटं सांगू नकोस. नाकारतील का? नाकारू शकतात, मजकुरावर अवलंबून आहे. पण चार महिन्यांचं कार्ड स्टॉकवर ठिपके दाखवत असेल तर मुळातच कच्चं असण्याचीही चांगलीच शक्यता असते. २०२१ मध्ये न्यू वर्ल्ड नावाचा गेम बीटात, म्हणजे चाचणीच्या टप्प्यात, असताना काही आरटीएक्स ३०९० कार्डं मेली होती, सगळ्यांनी गेमला धोपटलं, आणि नंतर कार्ड कंपनीने सांगितलं की मोजक्या कार्डांमध्ये सोल्डरिंगच कच्चं राहिलं होतं. ती कार्डं बदलून दिली गेली.

बायोस फ्लॅशवाल्या मित्राला सध्या गेमपुरताच ठेव. दुसऱ्या मॉडेलचा बायोस म्हणजे वेगळ्या पॉवर सर्किटसाठी, वेगळ्या फॅनसाठी, कधी वेगळ्या कंपनीच्या मेमरी चिपसाठी लिहिलेला प्रोग्राम, तो बसला नाही तर स्क्रीनच येत नाही, मग दुसऱ्या डिस्प्लेवरून परत जुना टाकायची कसरत, आणि कार्डवर दोन बायोसचा स्विच नसेल तर ती कसरत अजून अवघड. आत्ता तुझ्याकडे रिसेट होणारा त्रास आहे, फ्लॅश केलास की आगीतून फुफाट्यात, आणि वॉरंटीवाल्यांना आयता पुरावा.

तर करायचं काय. स्टॉकवर आणलंयस. आता सेफ मोडमध्ये डीडीयू हे ड्रायव्हर पुसायचं सॉफ्टवेअर वापरून ड्रायव्हर पूर्ण काढ आणि ताजा टाक. मग ओसीसीटी या चाचणीच्या सॉफ्टवेअरची मेमरी टेस्ट अर्धा-पाऊण तास चालव, एकही चूक यायला नको, स्टॉकवर तर नकोच नको. त्यानंतर थ्रीडीमार्कची स्ट्रेस टेस्ट, वीस फेऱ्या होतात आणि ९७ टक्क्यांच्या वर सातत्य राहिलं तर पास. फरमार्क नावाचा टेस्टचा प्रोग्राम मात्र तासन्‌तास लावून बसू नकोस, तो गेमपेक्षा कितीतरी वाईट भार टाकतो आणि त्यातून गेममधल्या स्थिरतेबद्दल फार कळतही नाही. आणि मग आठवडाभर नेहमीसारखं खेळ, टेस्ट पास होऊन गेममध्ये नापास होणारी कार्डं मी बघितलीत.

सगळं नीट निघालं आणि हात शिवशिवायला लागले तर उलट्या दिशेने जा, अंडरव्होल्ट कर, म्हणजे तोच वेग कमी व्होल्टेजवर चालव. आजची कार्डं कारखान्यातूनच जवळपास शेवटपर्यंत पिळून येतात, एनव्हिडियाने २०१२ मध्ये जीपीयू बूस्ट आणला तेव्हापासून कार्ड स्वतःच तापमान आणि पॉवर बघून वेग वाढवतं, तुझ्यासाठी वर जागा फार ठेवलेली नसते. खाली मात्र भरपूर असते, कारण कंपनीला सगळ्यात कमनशिबी चिपही चालेल एवढं व्होल्टेज सगळ्यांना द्यावं लागतं. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं की आलेख उघडतो, त्यात कमी व्होल्टेजला तोच वेग मिळतो का ते एकेक पायरी बघत जायचं. जमलं की फॅनचा आवाज बसतो, तापमान खाली येतं, आणि कार्डला थंडावा मिळाल्याने एफपीएस कधीकधी दोन पावलं पुढेही जातात. फार खाली गेलास तर क्रॅश होईल, तेव्हा थोडं वर यायचं, बस्स, जळत काही नाही. कागदोपत्री हाही बदलच आहे, पण नुकसान करणारा नाही.

भावाला आजच सांग. "दादा, मी सेटिंगमध्ये खेळलो, आता मूळ जागी आणलंय, आठवडाभर तपासतोय" एवढंच. बिल त्याच्याकडे असेल तर ते मागायच्या निमित्ताने सांगता येईल, वॉरंटीची वेळ आलीच तर ते लागणारच आहे.

आणि स्टॉकवर परत ठिपके दिसले तर दोन फोटो काढ, एक पीसीवरचा स्क्रीनशॉट आणि एक मोबाइलने स्क्रीनचा. स्क्रीनशॉटमध्येही ठिपके आले तर ते कार्डमध्येच तयार होतायत. फक्त मोबाइलच्या फोटोत आले आणि स्क्रीनशॉट स्वच्छ असला तर आधी केबल बदल, मग मॉनिटर बदलून बघ, कार्ड नंतर. दोन्ही फोटो मला पाठव.